राक्षसभुवन व असई येथील दोन उतार : प्रचलित कथनांची चिकित्सा

१

लढाईचा इतिहास लिहिणाऱ्याची दृष्टि बहुधा रणावर खिळलेली असते. सैन्य तेथपर्यंत कसें पोंचलें, मध्यें कोणती नदी आडवी आली, ती कोठें उतरली, नावा कोणाच्या, वाट कोणीं दाखविली, हे प्रश्न तो एका वाक्यांत उरकतो. त्याचा परिणाम असा होतो कीं, नदीनें घडविलेली गोष्ट मनुष्याच्या पदरीं बांधली जाते, आणि पुष्कळांच्या रोजच्या ठाऊकीची गोष्ट एकट्याच्या प्रतिभेच्या खातीं जमा होते. प्रस्तुत लेखांत अशा दोन उतारांसंबंधीं रूढ झालेलीं कथनें तपासावयाचीं आहेत. पहिला उतार गोदावरीवरील राक्षसभुवनचा. दुसरा केळणा नदीवरील, असईच्या रणाजवळचा. राक्षसभुवन गोदावरीच्या दक्षिण तीरीं, आजच्या बीड जिल्ह्यांत आहे, व त्याच्या उत्तरेस शहागड-अंबडाचा टापू लागतो. असई जालना जिल्ह्याच्या उत्तर भागीं, भोकरदनच्या बाजूस आहे. दोहोंमध्यें सरळ रेषेनें सुमारें ३० कोसांचें व कालानें ४० वर्षांचें अंतर आहे. तरी दोन्ही कथा एकमेकींस लागून आहेत, आणि एकत्र वाचल्यावांचून कोणतीहि नीट उलगडत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आरंभींच एक शब्दभेद स्पष्ट करावयास पाहिजे. नदीचें पाणी जेथें पायीं, घोड्यावर किंवा गाडीनें ओलांडण्याइतकें उथळ असतें व तळ कठीण असतो, तो उतार. जेथें पाण्याला थाव नाहीं तेथें नाव. गोदावरीसारख्या नदीवर एकच जागा उन्हाळ्यांत उतार व पावसाळ्यांत नावेची जागा असूं शकते. वाट तीच, गांव तोच, नावाडी तोच. फक्त पाणी बदलतें. केळणेसारख्या लहान नदीवर नावेचें कारणच पडत नाहीं; पूर आला तर लोक ओसरेपर्यंत थांबतात. हा भेद ध्यानांत न ठेवल्यामुळें बखरींतील व इंग्रजी पत्रांतील ‘नदी उतरले’ हें एकच वाक्य दोन निरनिराळ्या क्रियांना लावलें जातें. एका क्रियेस अर्धा प्रहर लागतो, दुसरीस कित्येक दिवस लागतात.

२

गोदावरी ही सरहद्द कोणत्या अर्थानें होती, हें प्रथम पाहूं. १७५२ च्या भालकीच्या तहानें वऱ्हाडाच्या पश्चिमेकडील, गोदावरी व तापी यांमधील मुलूख निजामाकडून पेशव्यांकडे आला. तहाच्या भाषेंत नदीला सीमेची पदवी मिळाल्याचें हें एक ठळक उदाहरण होय. दुसरें त्याहून आमच्या विषयाला जवळचें आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजीं सुर्जी-अंजनगांव येथें दौलतराव शिंदे व इंग्रज यांमध्यें जो तह झाला, त्याच्या एका कलमान्वयें शिंद्यांनीं अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील आपला मुलूख सोडून दिला. त्यांत जालनापूरचा किल्ला व परगणा, गांडापूरचें शहर व परगणा, आणि त्या डोंगररांगेपासून गोदावरीपर्यंतचे इतर परगणे यांचा समावेश आहे. वरती डोंगर, खालीं नदी, व मधला तो हा टापू. आजच्या जालना जिल्ह्याचा मोठा भाग या दोन रेषांच्या मध्येंच बसतो, व त्याची दक्षिण सीमा अद्यापिहि बहुतेक गोदावरीच आहे.

परंतु तहांतील रेषा व जमिनीवरील अंमल यांत भेद करावयास पाहिजे. तह लिहिणाऱ्याला नदी सोयीची, कारण तिचें नांव दोन्ही पक्षांस ठाऊक असतें व तिच्याबद्दल तंटा नसतो. प्रत्यक्षांत चौथाई, सरदेशमुखी, मोकासा, जहागीर व दुअंमली गांवें यांची अशी गुंतागुंत होती कीं, एकाच गांवच्या पिकांतून दोन सरकारांचे दोन कमावीसदार आपापला वांटा नेत. नदीच्या अलीकडे एक राज्य व पलीकडे दुसरें, ही कल्पना नकाशा रंगविणाऱ्याची आहे. म्हणून ‘सरहद्दीवरील नाव’ असें आपण म्हणतों तेव्हां तिच्या दोन्ही टोंकांस दोन पहारे उभे आहेत असें चित्र डोळ्यांपुढें आणूं नये. तिच्या एका टोंकास जकातीची चौकी असेल, दुसऱ्या टोंकास क्षेत्रोपाध्याय असेल, आणि नावाड्याचें हक्काचें धान्य दोन्ही तीरांच्या खळ्यांवरून येत असेल. राज्यें नदीशीं येऊन थांबत, गांवाचा व्यवहार थांबत नसे. पुढील सर्व विवेचनाचें सूत्र हेंच आहे.

३

आतां राक्षसभुवन. १७६३ सालीं निजामअल्ली व जानोजी भोसले यांनीं एकत्र होऊन पुणें लुटलें, पेशव्यांच्या सैन्यानें उलट निजामाच्या मुलखांत धुमाकूळ घातला, आणि पावसाळा लागल्यावर निजामअल्ली औरंगाबादच्या रोखानें परतला. वाटेंत गोदावरी. ३२ लक्षांच्या मुलखाचें आमिष मिळाल्यानें जानोजी भोसल्यांनीं ऐन वेळीं निजामाचा पक्ष सोडला. निजामअल्ली कांहीं फौजेसह नदी उतरून उत्तर तीरास गेला. दिवाण राजा विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह दक्षिण तीरास राहिला. १० ऑगस्ट १७६३ रोजीं मराठ्यांनीं त्या मागें राहिलेल्या फौजेस गांठलें. राघोबादादा शत्रूच्या वेढ्यांत सांपडले असतां माधवराव पेशव्यांनीं त्यांस सोडविलें, विठ्ठल सुंदर रणांत पडला, आणि निजामअल्लीला पैलतीरावरून हें सर्व पाहण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं. पुढें औरंगाबादेस सप्टेंबरमध्यें तह झाला व ८२ लक्षांचा मुलूख पेशव्यांस मिळाला.

इतकी हकीकत सर्वमान्य आहे. वाद आहे तो कारणांविषयीं. प्रचलित कथनांत दोन कारणें येतात : एक, जानोजीची फितुरी, दुसरें, अठरा वर्षांच्या पेशव्याचें शौर्य. दोन्ही खरीं आहेत, व त्यांपैकीं कोणतेंहि नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि हीं दोन्ही कारणें मिळूनहि एका साध्या प्रश्नाचें उत्तर देत नाहींत : मोठी फौज अशी दुभंगलीच कां? कांहीं लेखक हा निजामअल्लीचा अविचार समजतात, कांहीं भित्रेपणा. आणि बहुतेक लेखक ‘नदीस पूर असल्यामुळें त्यास मदत करितां आली नाहीं’ असें एक वाक्य शेवटीं जोडून पुढें जातात, जणूं काय पूर ही लढाईनंतर उद्भवलेली अडचण होती.

येथें नावेचा हिशेब मांडून पाहावा. केवळ उदाहरणादाखल धरूं कीं, एका घाटावर २० नावा जमल्या, प्रत्येकींत २५ माणसें मावलीं, आणि भरणें, नेणें, रिकामें करणें व परत येणें या एका खेपेस एक तास लागला. प्रकाशाचे १० तास धरले तर दिवसाकांठीं ५,००० माणसें पार होतात. यांत घोडा नाहीं, तोफ नाहीं, दारूगोळा नाहीं, बाजार नाहीं, बुणगे नाहींत. घोडीं पोहवीत न्यावीं तर कांहीं बुडतात, हत्ती पोहतात पण उंट पोहण्यास नाखूष, आणि तोफ नावेवर चढवावयाची म्हणजे दोन नावा एकत्र बांधून वर फळ्या टाकाव्या लागतात. आंकडे दुप्पट करा, तिप्पट करा. पावसाळ्यांतील गोदावरी एका दिवसांत सबंध फौजेनें उतरणें शक्य होत नाहीं. तात्पर्य, फौज दुभंगणें ही येथें चूक नसून ती नावेनें पार होण्याची अटळ अवस्था आहे. नदी उतरणारी प्रत्येक फौज कांहीं दिवस दोन तीरांवर वांटलेली असते. ज्याला तिच्यावर पडावयाचें आहे त्याला तो मधला काळ साधावा लागतो, इतकेंच.

हें मान्य केलें म्हणजे प्रश्नाचें स्वरूप पालटतें. निजामअल्ली दुभंगला कां, हा प्रश्न उरत नाहीं. मागें कोण राहिला व त्याच्या पाठीशीं कोण होतें, हा उरतो. जानोजीची फौज दक्षिण तीरावर असती तर पिछाडी उघडी पडली नसती. म्हणजे फितुरीचें खरें महत्त्व ती कोणत्या क्षणीं झाली यांत आहे : अर्धी फौज पाण्यापलीकडे असतां ती झाली. आणि पेशव्यांच्या बाजूचें खरें श्रेय, राघोबादादांना सोडविण्याच्या त्या धाडसाइतकेंच, तो मधला काळ निसटूं न देतां गांठला यांत आहे. नदीला कथेंत योग्य जागीं बसविलें तर फितुरी व शौर्य दोन्ही अधिक अर्थपूर्ण होतात. शेवटच्या वाक्यांत टाकलें तर दोन्ही नुसतीं स्तुतिनिंदेचीं विशेषणें होऊन बसतात.

एक आक्षेप संभवतो. नदी एका दिवसांत उतरतां येत नाहीं हें निजामअल्लीसहि ठाऊक असणार. मग तो स्वतः आधीं कां गेला? यास उत्तर असें कीं, राज्याच्या धन्यानें जनाना, खजिना व खाशी फौज यांसह आधीं पार व्हावें व दिवाणानें पिछाडी सांभाळावी, ही त्या काळची रीत विचित्र नव्हती. ती रीत त्या दिवशीं महाग पडली. रीतीला दोष देतां येईल. परंतु तो दोष एका मनुष्याच्या स्वभावाला चिकटविणें हें साधार नव्हे.

राक्षसभुवन येथेंच एवढी मोठी फौज कां उतरली, यासहि कारण आहे. हें स्थान शनीचें क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. गोदास्नानास व शनीच्या दर्शनास दोन्ही तीरांची यात्रा तेथें येते. जेथें यात्रा तेथें घाट, जेथें घाट तेथें नाव, जेथें नाव तेथें नावाडी व वाटाड्या. फौजा क्षेत्रांच्या वाटेनें जातात त्या धर्मबुद्धीनें नव्हे. यात्रेकरूंनीं वाट अगोदर मळून ठेवलेली असते म्हणून जातात. शहागडाजवळ आज धुळें-सोलापूर महामार्ग पुलावरून गोदावरी ओलांडतो, त्यावरूनहि उत्तर-दक्षिण रहदारीला नदीचा हा टप्पा किती सोयीचा आहे हें दिसून येतें.

४

चाळीस वर्षांनीं याच जागेचें नांव इंग्रजी पत्रव्यवहारांत दिसूं लागतें, मात्र ओळखूं न येईल अशा वेषांत. सप्टेंबर १८०३ मधील जनरल आर्थर वेलस्लीच्या कांहीं पत्रांवर तळाचें नांव ‘रॅकिसबॉम’ असें आहे. हें राक्षसभुवनच होय. गुरवुडनें छापलेल्या त्याच्या पत्रसंग्रहाचा उपयोग करणाऱ्या मराठी वाचकानें असलीं रूपें जपून ओळखावीं. नाहीं तर एकाच गांवाचीं दोन गांवें होतात.

त्या वेळची स्थिति अशी. वेलस्लीनें १२ ऑगस्ट रोजीं अहमदनगरचा किल्ला घेतला, त्यानंतर टोक्याजवळ गोदावरी ओलांडली, आणि २९ ऑगस्ट रोजीं तो औरंगाबादेस पोंचला. तत्पूर्वींच शिंदे व नागपूरकर भोसले अजिंठ्याच्या घाटानें जालन्याच्या बाजूस आले होते. २ सप्टेंबर रोजीं कर्नल स्टीव्हन्सननें जालन्याचा किल्ला घेतला. मराठी फौजांचा रोख गोदावरी उतरून हैदराबादेकडे जाण्याचा आहे अशी वार्ता होती. म्हणून वेलस्ली नदीच्या रोखानें खालीं सरकला व राक्षसभुवनाशीं येऊन थांबला. ज्या निजामअल्लीनें १७६३ सालीं याच पाण्यापलीकडून आपल्या दिवाणाचा अंत पाहिला होता, तो ६ ऑगस्ट १८०३ रोजीं, म्हणजे अवघ्या एक महिन्यापूर्वीं, वारला होता. आणि आतां त्याच्या राज्याचें संरक्षण करण्यास परकी फौज त्याच उतारावर उभी होती.

यावरून एक अनुमान निघतें. नदी दुथडी भरून वाहत असती तर तिच्याकांठीं पहारा करण्याचें प्रयोजन नव्हतें. नदीनेंच तो केला असता. वेलस्ली तेथें थांबला याचाच अर्थ असा कीं, सप्टेंबरांतच गोदावरी उतरून जातां येण्याजोगी झाली होती किंवा लौकरच होईल अशी भीति होती. १८०३-०४ चा दुष्काळ दक्षिणेंत प्रसिद्धच आहे. म्हणजे १७६३ सालीं पाणी जास्त असल्यामुळें राक्षसभुवन इतिहासांत आलें, व १८०३ सालीं पाणी कमी असल्यामुळें. वेलस्लीला हें पुरतें ठाऊक होतें. नद्यांची उन्हाळ्यांतील व पावसाळ्यांतील स्थिति, वेताच्या विणलेल्या व चामड्यानें मढविलेल्या गोल नावा आगाऊ करवून ठेवण्याची तजवीज, या विषयांवर त्याच्या त्या सालच्या पत्रांत जितकी चिंता आढळते तितकी शत्रूच्या संख्येविषयीं आढळत नाहीं. नदीचें महत्त्व जाणणारा सेनापति म्हणून त्याची ख्याति रास्त आहे. हें आम्हीं मुद्दाम आधीं सांगतों, कारण पुढें त्याच्याच नांवावरील एका आख्यायिकेची चिकित्सा करावयाची आहे.

५

ती आख्यायिका सर्वश्रुत आहे. २१ सप्टेंबर रोजीं बदनापुरास वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची भेट होऊन, दोघांनीं निरनिराळ्या वाटांनीं जाऊन २४ तारखेस एकत्र हल्ला करावा असें ठरलें. २३ तारखेस वेलस्ली नौलनी येथें पोंचला तों त्यास कळलें कीं, शत्रूचा तळ अवघा तीन कोसांवर आहे. पुढें जाऊन पाहतां केळणेच्या पैलतीरीं सबंध मराठी फौज पसरलेली दिसली. समोरून हल्ला करणें अशक्य. डाव्या बगलेस जावें तर नदी आडवी. वाटाड्यांनीं सांगितलें, तिकडे उतार नाहीं. तेव्हां वेलस्लीनें दोन्ही तीरांवर समोरासमोर असलेलीं दोन गांवें पाहिलीं आणि तर्क केला कीं, इतकीं जवळ वसलेलीं गांवें येण्याजाण्याच्या वाटेवांचून असणार नाहींत. शोध करितां उतार खरोखरच सांपडला. इंग्रजी लेखक या गांवांचीं नांवें ‘पीपुलगांव’ व ‘वरूर’ अशीं देतात. आपल्याकडील रूपें पिंपळगांव व वरूड हीं उघड आहेत. या तर्काचा दाखला पुढें चरित्रकारांनीं सेनापतीच्या सहजबुद्धीचा नमुना म्हणून शंभरदां दिला आहे.

साधनांची परीक्षा करितांना तीं कालक्रमानें लावून पाहावीं लागतात. येथें तीन थर आहेत. पहिला, लढाईच्या दुसऱ्या दिवशीं, २४ सप्टेंबर रोजीं गव्हर्नर-जनरलास लिहिलेला वृत्तांत. त्यांत शत्रूच्या डाव्या बगलेपलीकडील एका उतारावरून नदी ओलांडली, एवढेंच साधें विधान आहे. दुसरा, नोव्हेंबरच्या आरंभीं टॉमस मन्रोस लिहिलेलें पत्र; मन्रोनें घेतलेल्या आक्षेपांना उत्तर म्हणून तें लिहिलेलें असल्यानें त्यांत बातमीच्या चुकीचा खुलासा आहे. तिसरा, वृद्धपणीं मित्रमंडळींत सांगितलेली गोष्ट. दोन गांवांच्या तर्काला जी प्रसिद्धि मिळाली ती या थरामुळें. तिसऱ्या थरांतील प्रत्येक गोष्ट खोटी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अनेक दशकांनंतर, जगप्रसिद्ध झालेल्या पुरुषानें, ऐकणारे कौतुकानें बसलेले असतां सांगितलेल्या गोष्टीचें वजन दुसऱ्या दिवशीच्या कागदाइतकें धरतां येत नाहीं, हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम आहे. बखरीला जो नियम आपण लावतों तो ड्यूकलाहि लावला पाहिजे.

मन्रोच्या पत्रांतील खुलासा या बाबतींत फार उद्बोधक आहे व त्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. हरकाऱ्यांनीं सांगितलें होतें कीं, शत्रु भोकरदनास आहे. प्रत्यक्षांत उजवी बगल भोकरदनास होती, पण पायदळ होतें तें डावीकडे, असईच्या बाजूस, कित्येक मैलांवर. वेलस्ली स्वतःच लिहितो कीं, भोकरदन हें तेथील मुख्य ठिकाण व त्याचेंच नांव त्या टापूला होतें. आपल्या वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. जुन्या कागदांत ‘भोकरदन’ याचा अर्थ कसबा असूं शकतो, तसाच परगणाहि असूं शकतो. लिहिणारा ‘कसबे’ किंवा ‘परगणे’ हा शब्द घालील तेव्हांच तो निश्चित होतो, आणि बोलणारा तर तो घालीतच नाहीं. हरकाऱ्यानें खरी बातमी दिली. ऐकणाऱ्यानें परगणा ऐकावयाचा तेथें गांव ऐकला. या एका गैरसमजामुळें स्टीव्हन्सनवांचून लढाई करावी लागली, व तींत इंग्रजांच्या बाजूचे १,५०० हून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा नाहींसे झाले.

आतां ‘उतार नाहीं’ या उत्तराकडे पाहा. भोकरदनाच्या बाबतींत जें झालें तेंच येथें झालें नसेल काय? फौजेबरोबरचे वाटाडे बहुधा त्याच गांवचे नसतात. त्यांना सडक ठाऊक असते, शेताची वाट नसते. शिवाय प्रश्न काय विचारला होता? तोफा उतरतील असा उतार आहे काय, असें विचारलें असल्यास ‘नाहीं’ हें प्रामाणिक उत्तर असूं शकेल. कारण गुरें व बायामाणसें जेथून रोज जातात तेथून तोफेचा गाडा जाईलच असें नाहीं. हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे, व तें तसेंच समजावें. पण वाटाडे अडाणी किंवा लबाड व सेनापति तेवढा चतुर, हेंहि अनुमानच आहे. तें मात्र आजवर प्रमाण म्हणून चालत आलें आहे.

आणि तो तर्क तरी कसला? समोरासमोर दोन गांवें असलीं म्हणजे मध्यें वाट असते, हें केळणेच्या कांठच्या कोणत्याहि गुराख्यास विचारावें. दोन्ही गांवांच्या सोयरिकी, बाजार, जत्रा, देवस्थानें एकच असतात. वेलस्लीचें चातुर्य नवी गोष्ट शोधून काढण्यांत नाहीं. गांवकऱ्यांना जें ठाऊक होतें तें गांवांच्या ठेवणीवरून ओळखून त्यावर तेवढ्याच घाईनें फौज घालण्यांत आहे. हें श्रेय लहान नाहीं. परंतु तें ‘शोधाचें’ श्रेय नव्हे, ‘वाचण्याचें’ आहे; आणि जें वाचलें तें लिहून ठेवणारे त्या दोन गांवांचे लोक होते.

या आख्यायिकेनें आणखी एक मोठी हानि केली आहे, व ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. उतार ‘सांपडला’ असें म्हटलें कीं तो लपलेला होता असें आपोआप गृहीत धरलें जातें, आणि मराठ्यांनासुद्धां तो ठाऊक नव्हता असा भास होतो. हें संभवनीय नाहीं. हा प्रांत शिंद्यांच्या अंमलाखालचा. फौज, जनावरें व बाजार त्या नदीचेंच पाणी पीत होते. उतरतांना इंग्रजांवर तोफांचा मारा झाला व वेलस्लीच्या अगदीं जवळच्या स्वाराचें डोकें गोळ्यानें उडालें, अशी इंग्रजांकडीलच नोंद आहे. म्हणजे ती जागा तोफांच्या टप्प्यांत होती. तेव्हां खरा प्रश्न उताराच्या शोधाचा नसून, ठाऊक असलेला उतार अडविला कां नाहीं, हा आहे. पोलमनच्या कवायती पायदळानें त्यानंतर आपली सबंध फळी फिरवून केळणा व जुई या दोन नद्यांमधील अरुंद पट्टींत नवें तोंड धरलें, हें इतकें कुशल काम होतें कीं वेलस्लीलाहि त्याची अपेक्षा नव्हती. मग त्याच फौजेची एखादी पलटण दोन तोफांसह वरूडच्या कांठावर कां नव्हती? शिंदे व भोसले यांच्यांत एकाच्या हुकुमाखालीं चालण्याची सोय नव्हती काय? घोडदळ उजवीकडे, पायदळ डावीकडे, धनी एकीकडे, कवायतीचे सरदार दुसरीकडे, अशा तळांत बगलेच्या उताराची जबाबदारी कोणाची? असईच्या मराठी बाजूचा इतिहास याच प्रश्नापासून सुरू व्हावयास पाहिजे. दोन गांवांच्या गोष्टीनें तो प्रश्न झांकून टाकला आहे, व आपणहि ती गोष्ट कौतुकानें भाषांतरित करीत आलों आहोंत.

६

वरील विवेचन मुख्यतः परक्या कागदांवर उभें आहे, हें त्यांतील मोठें व्यंग होय. खरे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ व सरदेसाई यांनीं संपादिलेलीं पेशवे-दफ्तरांतील निवडक कागदांचीं पुस्तकें हीं संग्राहकांपुढें आहेतच. परंतु उताराचा व नावेचा इतिहास राजकारणाच्या पत्रांत फारसा सांपडावयाचा नाहीं. तो क्षुल्लक कागदांत आहे. नावेच्या मक्त्याचे कौल, जकातीच्या ठाण्याचे ताळेबंद, नावाड्यास दिलेल्या इनाम जमिनीच्या सनदा, त्या इनामाच्या भाऊबंदकीचे महजर, कुळकर्ण्याच्या बारनिशींतील ‘नदीस पाणी आलें’ अशी एखादी ओळ, क्षेत्रोपाध्यायांच्या यात्रेकरूंच्या वह्या, हेच ते कागद. कोणता उतार कोणत्या महिन्यांत बंद होई, नावा किती होत्या, फौज आली म्हणजे त्या कोणीं ओढून नेल्या व त्यांचें मोल कोणास मिळालें, हें त्यांवांचून कळावयाचें नाहीं. संग्राहक मंडळी मोर्तबाचें पत्र जपून ठेवतात आणि असा कागद ‘किरकोळ’ म्हणून रुमालाच्या तळाशीं जातो किंवा वाळवीस जातो. ही तक्रार आहे, व ती आम्हीं स्वतःस वगळून करीत नाहीं.

वाचनासंबंधानें दोन सूचना कराव्याशा वाटतात. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं व अनुच्चारित अनुस्वार बहुधा लिहीत नाहींत. त्यामुळें ‘नाव’ हा शब्द आला असतां तो पाण्यांतील नाव कीं मनुष्याचें नांव, हें केवळ अक्षरावरून ठरत नाहीं. पुढें विभक्ति आली, म्हणजे ‘नावेस’ कीं ‘नांवास’ असें झालें, तर प्रश्न मिटतो. पण याद्या व ताळेबंद यांत शब्द बहुधा उघडाच असतो. ‘नाव १’ याचा अर्थ ‘एक असामी’ असा लावण्यापूर्वीं तो हिशेब नदीकांठच्या गांवचा आहे कीं काय, हें पाहावें. दुसरा शब्द ‘उतार’. सूची करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें ‘उतारा’, म्हणजे नक्कल, हा शब्द सदैव असल्यामुळें ‘उताराबद्दल कागद’ हा ‘उताऱ्याबद्दल कागद’ असा नोंदला जाणें फार सोपें आहे. ज्यांच्या संग्रहांत अंबड, शहागड, गेवराई, पैठण किंवा भोकरदन या बाजूचीं दफ्तरें असतील त्यांनीं आपल्या जुन्या याद्या या दोन शब्दांपुरत्या पुन्हां पाहाव्या.

ही निकड पूर्वींपेक्षां आतां अधिक आहे. एरव्हीं कागद नसला तर जागा बोलते. नदीचा तळ, घाटाच्या पायऱ्या, गाडीवाटेचे चाकोरे यांवरून अनुमान करितां येतें. परंतु पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झाल्यापासून त्याखालील गोदावरी पूर्वींसारखी वाढत-ओसरत नाहीं. पाणी केव्हां सुटावयाचें हें ऋतु एकटा ठरवीत नाहीं. जी नदी १७६३ सालीं एका फौजेला दुभंगून गेली व १८०३ सालीं ओसरून दुसऱ्या फौजेला कांठावर उभी करती झाली, ती नदी आतां डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. तिचा स्वभाव कागदांतून वाचावयाचा आहे.

निष्कर्ष असे. राक्षसभुवन येथें निजामाची फौज दुभंगली हा अविचार नव्हता. नावेनें नदी उतरण्याची ती अवस्था होती, व मराठ्यांचें यश ती अचूक गांठण्यांत होतें. असई येथील उतार गुप्त नव्हता. तो अरक्षित होता. वाटाड्यांच्या अज्ञानाची गोष्ट उत्तरकालीन आहे, व त्याच मोहिमेंत हरकाऱ्यांच्या खऱ्या बातमीचा विपरीत अर्थ झाल्याची कबुली त्याच सेनापतीच्या समकालीन पत्रांत आहे. यांपैकीं कोणतेंहि विधान अस्सल मराठी कागदानें खोडून निघालें तर आम्हांस आनंदच होईल. कारण त्या निमित्तानें असा कागद उजेडांत आलेला असेल.